बिनआवाजाचं मशीन

"इंदे! तू?"

काउंटरमागचा माणूस कानाला लावलेला फोन तसाच खाली ठेवून उठला. मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, दुकानात आणखी कुणी इंदी आली असेल. पण दुकानात गिऱ्हाईक म्हणून आम्ही दोघंच होतो, आणि माझी बायको तोंडावर हात ठेवून हसत होती.

"विसू? अरे, केवढा जाड झालास!"

"आणि तू? तू तश्शीच आहेस. फक्त चष्मा लागलाय."

तेव्हा आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. मी तिला 'अगं' म्हणायचो, आणि पाहुण्यांसमोर 'इंदुमती'. 'इंदे' असं काही म्हणता येतं हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"अहो, हा विसू. विश्वनाथ कासार. बाबांच्या साथीला असायचा तबल्यावर. सांगितलं नव्हतं का मी तुम्हाला?"

सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. तिचे वडील म्हणजे किणी गावचे कीर्तनकार नरहरबुवा किणीकर. मी त्यांचा आधी श्रोता होतो आणि नंतर जावई. बुवा पूर्वरंगाला उभे राहिले, नमन झालं, चिपळ्या वाजल्या की मला भूक लागायची नाही, तहान लागायची नाही. त्यांच्या मागे टाळ धरून त्यांची मुलगी उभी असायची. 'मी तिला तिथंच पाहिली' असं मी लोकांना सांगतो. पण पांडुरंग साक्षी आहे, मी बुवांकडेच बघत होतो. तबल्यावर कोण होतं हेही मला आठवत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही आमच्या बुवांचे जावई!" विसू हात जोडून म्हणाला. "नशीबवान आहात साहेब."

ते नशीब बुवांच्या संदर्भात होतं की इंदूच्या, हे मी त्याला विचारलं नाही. पण ते डोक्यात राहिलं.

आम्ही गेलो होतो कपडे धुण्याचं मशीन बघायला. मी पाटबंधारे खात्यात आरेखक, कऱ्हाडला सोमवार पेठेत घर, मुलगी शिकायला पुण्याला. घरात नऊ वर्षं वापरलेलं दोन भांड्यांचं जुनं मशीन होतं, एकात धुवायचं आणि दुसऱ्यात पिळायचं. ते सुरू झालं की मागच्या मोरीपासून सरकत सरकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचं. परवा त्याची मोटर जळली, आणि दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडून नुसती मान हलवली. कासारांचं दुकान साताऱ्याहून नुकतंच इथं आलंय, माणूस सरळ आहे, असं ऑफिसात कुणीतरी म्हणालं, म्हणून शनिवारी दुपारी आम्ही तिथं गेलो. दुकानावर नाव देवीचं होतं. विसू तिथं असेल हे इंदूलाही ठाऊक नव्हतं. निदान ती तसं म्हणाली.

विसूनं एकेक मशीन दाखवायला सुरुवात केली.

"हे बघा साहेब, पुढून दार असलेलं. कपडे टाका, बटण दाबा, विसरून जा. आवाज म्हणाल तर नाही. शेजारी बाळ झोपलं तर उठणार नाही."

मला ते आवडलं. गोल काचेचं दार, आत चकचकीत पिंप. मी त्यावर बोटं फिरवत होतो तोवर इंदू पलीकडे गेली. कोपऱ्यात आमच्या जुन्या मशीनसारखंच एक उभं होतं, नव्या रंगाचं आणि दोन भांड्यांचं.

"हे चालू करून दाखव ना."

विसूनं बटण पिळलं. रिकामं भांडं एकदा उजवीकडे घुमलं, थांबलं, मग डावीकडे घुमलं. खालून एक भरदार घर्र यायची आणि दिशा बदलली की ठक्क व्हायचं. इंदूनं झाकणावर हात ठेवला आणि तिथंच उभी राहिली. मग खालच्या आवाजात तिनं विचारलं, "आवाज एवढाच की कपडे घातल्यावर वाढतो?"

"वाढतो की. भरल्यावर बघ, अंगणापर्यंत जाईल."

"मग बरं आहे."

आणि मग ते घडलं. विसूची बोटं सहज झाकणाच्या कडेवर पडली. त्या ठक्काला धरून त्यानं ठेका धरला, अगदी हलका. इंदूची मान हलू लागली. दोघंही मशीनकडेच बघत होते. चार-पाच फेऱ्या झाल्या, आणि ठेका फिरून जिथं पुरा होतो त्या समेवर दोघांनी एकाच क्षणी डोळे वर करून एकमेकांकडे पाहिलं. मान डोलली आणि हसू आलं.

ही नजर मी हजार कीर्तनांत पाहिली होती. बुवा गाता गाता समेवर तबलजीकडे बघतात ना, तीच. मला ती फार आवडायची. पण बुवा माझी बायको नव्हते.

"अहो, हेच घेऊ," इंदू म्हणाली.

"हे? हे तर आपल्या जुन्याचाच भाऊ आहे. पुढच्या नऊ वर्षांत हेही चालत चालत स्वयंपाकघरात येईल."

"येऊ दे की. सवय आहे मला."

"साहेब, वाईट मशीन नाही हे," विसू म्हणाला. "तुम्हाला महागातलं विकलं तर माझंच भलं आहे. पण इंदूला हेच बरं पडेल."

इंदूला काय बरं पडेल ते हा सांगणार! मी म्हणालो, "विचार करून कळवतो." माझा आवाज मलाच सरकारी वाटला.

घरी परतताना स्कूटरवर मागे बसून ती जे बोलायला लागली ते थांबेचना. एरवी कऱ्हाडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आम्ही एक वाक्य बोलायचो, तेही 'भाजी घ्यायची का' एवढंच.

"बाबांबरोबर एकदा नांदगावला गेलो होतो आम्ही. पूर्वरंग रंगात आलेला आणि विसूच्या तबल्याची पुडी फाटली. फट्ट! बाबा थांबले नाहीत. मग ह्यानं काय करावं? प्रसादाच्या शिऱ्यासाठी आणलेला तुपाचा डबा ओढला मांडीवर, पालथा घातला आणि धरला की ठेका! पंधरा वर्षांचा होता. शेवटपर्यंत डब्यावर. लोकांना वाटलं, हा नवीनच प्रकार आहे."

"आणि तूप?"

"काय?"

"डब्यातलं तूप."

"अहो, रिकामा होता डबा." ती मागे गप्प झाली. मला वाटलं, बरं झालं. थोड्या वेळानं ती पुन्हा आपल्याशीच हसली. ते हसू मला पाठीवर जाणवलं.

दुसऱ्या दिवशी विसूचा फोन आला. "ते मशीन मी बाजूला काढून ठेवलंय साहेब. दुसरं गिऱ्हाईक विचारत होतं, नाही म्हटलं."

"आमच्यासाठी कुणाला नाही म्हणायची गरज नव्हती."

"तसं नाही हो, इंदूनं पसंत केलंय म्हणून..."

मी फोन ठेवला. इंदू कणीक मळत होती. "विसूचा का?" तिनं विचारलं. माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असेल, पण त्या वेळी मला वाटलं, हिला त्याच्या फोनची वाटच होती.

त्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तन होतं. मी नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, खांबाला टेकून. इंदू कधी यायची नाही. "तुम्ही जाऊन या, मी दिवा लावते," म्हणायची. वडील गेल्यावर तिचं मन लागत नसेल, असं मी धरून चाललो होतो. बुवा सांगलीकडचे होते, आवाज थोडा बसलेला, पण रसाळ. पूर्वरंगाला विषय घेतला मत्सर. बुवा म्हणाले, "मंडळी, पंगत बसलीय. वाढपी वाढत चाललाय. आणि हा गृहस्थ काय करतोय? शेजाऱ्याच्या पानाकडे बघतोय. त्याला दोन मोदक, मला एक! अहो, तुमच्या पानावर वरणभात कधीचा वाढलाय, त्यावरचं तूप थिजलं, भात गार झाला. देव म्हणतो, मी वाढलं होतं रे, तू जेवलाच नाहीस."

मी मान डोलावली. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. आणि मनात काय आलं सांगू? हे त्या विसूनं ऐकायला हवं होतं. दुसऱ्याच्या पानाकडे बघू नये.

देवळातून उतरलो ते ठरवूनच. सोमवारी ऑफिसातून रजा टाकली, कोल्हापूरला गेलो आणि एका मोठ्या दुकानात जाऊन सांगितलं, "सगळ्यात कमी आवाजाचं दाखवा." विक्रेत्यानं मशीनवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवून ते चालू केलं. पिंप गरगर फिरलं, पण पेल्यातलं पाणी हललं नाही. मी म्हटलं, "बांधा."

बुधवारी टेम्पोतून ते आलं. इंदू दारात आली आणि खोक्याकडे बघत राहिली.

"विसूकडचं?"

"विसूकडचं कशाला? त्याच्याहून भारी आहे. कोल्हापुरातून आणलंय. ऐक आता." मग मीच हसलो. "म्हणजे ऐकू नकोस. ऐकू येणारच नाही!"

तिनं मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, नारळ वाढवला. त्या माणसांनी नळी जोडली, जुनं मशीन उचलून टेम्पोत टाकलं. ते बाहेर जाताना तिनं त्याच्या झाकणावर हात ठेवल्याचं मी पाहिलं. वाटलं, नऊ वर्षांची माया.

नवं सुरू केलं. काचेमागे कपडे एकदा इकडे, एकदा तिकडे पडत होते. मोरीत नळाचा थेंब पडला तोसुद्धा ऐकू आला.

"चालू आहे ना?" तिनं त्यावर तळहात टेकवून विचारलं.

"हीच तर गंमत आहे."

"छान आहे," इंदू म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी वाट वाकडी करून विसूच्या दुकानावरून स्कूटर नेली. तो पायरीवरच उभा होता. मी स्कूटर बंद न करताच सांगितलं, "मशीन घेतलं आम्ही. आवाज शून्य."

त्याचा चेहरा उतरला. मला फार गोड वाटलं ते.

"तिनं पसंत केलं?" त्यानं विचारलं.

"मी केलं."

तो काहीतरी बोलणार होता, पण त्याचं तोंड उघडेपर्यंत मी चौक ओलांडला होता.

मी जिंकलो होतो. पण पुढचे पंधरा दिवस घरात चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. भाजीत मीठ बरोबर, चहा वेळेवर, विचारलं तर "काही नाही हो". पण संध्याकाळी घरी यावं तर पूर्वी तिच्या चेहऱ्यावर एक टवटवी असायची, दुपारभर कुठं जाऊन आल्यासारखी. ती गेली होती. एकदा वाढताना हात मध्येच थांबला आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी म्हणालो, "आमटी." ती दचकली.

माझ्या डोक्यात एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर जाड होतं, दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं. आपल्यामागे ही त्याच्याकडे जात असेल का? की तो इथं? असले विचार ज्या डोक्यात येतात त्याच डोक्यावर मी रोज सकाळी गंध लावत होतो. लाज वाटायची, पण विचार थांबायचे नाहीत.

शेवटी एका मंगळवारी साडेदहाला साहेबांना सांगितलं, डोकं दुखतंय. खोटं नव्हतं. स्कूटर पेठेच्या तोंडाशी लावली आणि स्वतःच्या घरी मागच्या बोळातून, चपला हातात घेऊन, चोरासारखा गेलो. वय एक्कावन्न.

मोरीच्या खिडकीतून डोकावलो. आत विसू नव्हता. कुणीच नव्हतं. इंदू एकटी लाकडी स्टुलावर मशीनसमोर बसली होती, हात मांडीवर. काचेमागे माझे सदरे गरगरत होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती. ओठ मात्र हलत होते. आवाज नव्हता. मध्येच उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर एकदा आपटलं, आणि थांबलं.

"भावजी?"

मी उडालोच. मागच्या भिंतीवरून उंब्रजकर काकू बघत होत्या. त्यांचं आणि आमचं परसदार एका भिंतीनं वेगळं झालेलं. माझ्या हातातल्या चपलांकडे त्यांनी एकदा पाहिलं, पण त्याबद्दल काही विचारलं नाही. मी भिंतीजवळ गेलो.

"बरं झालं भेटलात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वहिनींना बरं नाही का? विचारावं म्हणत होते, पण धीर होईना."

"का? काय झालं?"

"गाणं बंद झालंय ना त्यांचं. पंधरा दिवस झाले. आमचे हे रोज विचारतात."

"कसलं गाणं?"

काकूंना वाटलं मी थट्टा करतोय. "घ्या! अहो, रोजचं. अकरा वाजले, तुमचं मशीन धडधडायला लागलं की दहा मिनिटांत वहिनींचा आवाज लागायचा. पदं काय, श्लोक काय, मध्येच कथा लावून काय, अगदी कीर्तनच की हो! नऊ वर्षं ऐकतोय आम्ही. हे अंथरुणाला खिळल्यापासून मी त्यांची खाट खिडकीशीच लावलीय. अकराच्या आत आंघोळ आटपून द्यायची, नाहीतर रागावतात. आता रोज केस विंचरून वाट बघत बसतात आणि..." त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "तुमचं काय, तुम्ही एवढे कीर्तनाचे वेडे, तुम्हाला घरच्या घरीच. कधीही म्हणावं, ऐकव गं."

चपला पायात घातल्या. भिंतीचा एक पोपडा हातात आला तो उगाच चुरत उभा राहिलो. उंब्रज, मसूर, ओगलेवाडी, जिथं कीर्तन असेल तिथं मी गेलो होतो. पावसात भिजत, एसटीत उभा राहून. आणि नऊ वर्षं रोज अकरा वाजता मी ऑफिसात कालव्यांचे नकाशे काढत होतो.

मी मागच्या दारानं आत गेलो.

"अहो! तुम्ही आत्ता?" ती उठली. "डोकं दुखतंय का? चहा टाकू?"

"तू गातेस?"

तिनं नळ सोडला, उगाच, आणि बंद केला.

"कोण म्हणालं?"

"काकू. रोज ऐकतात म्हणे. उंब्रजकर अण्णा केस विंचरून बसतात."

तिचा चेहरा असा झाला की कुणी चोरी पकडली असावी. "अगं बाई. त्यांना ऐकू जायचं? मला वाटलं, मशीनच्या आवाजात..."

"म्हणजे तू मशीनमुळे गायचीस?"

"मशीनच्या आड," ती म्हणाली. "त्या धडधडीत माझं मलाच नीट ऐकू यायचं नाही. मग भीती वाटत नाही."

"कसली भीती? नरहरबुवांची मुलगी तू. मला का नाही कधी ऐकवलंस?"

"ऐकवलं होतं की," इंदू म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आपल्या लग्नानंतरच्या सत्यनारायणाला. बाबांचं पद म्हटलं होतं मी. पंचवीस-तीस माणसं होती."

मला आठवेना.

"झाल्यावर कुणीतरी तुम्हाला विचारलं, काय जावईबापू, कसं काय? तुम्ही म्हणालात, 'बुवांचं सगळं काही घेतलंय मुलीनं, फक्त गळा तेवढा किणीलाच राहिला.'"

मग आठवलं. सगळे हसले होते. तीसुद्धा हसली होती. मला माझ्या विनोदाचा अभिमान वाटला होता, दोन-तीन ठिकाणी मी तो पुन्हा सांगितलाही होता.

"अगं, थट्टा होती ती."

"असेल. पण तुम्हाला कळतं ना गाण्यातलं. कोण बुवा बेसूर, कोण सुरात, तुम्ही पहिल्या नमनात सांगता. ज्याला कळतं तोच म्हणतोय म्हटल्यावर खरंच असणार, असं वाटलं मला." तिनं काचेवर साचलेली वाफ पदरानं पुसली. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ. मी नव्हतं घेतलं. फक्त नंतर तुमच्यासमोर तोंड उघडेना."

"आणि विसू? त्याला हे सगळं ठाऊक होतं?"

"मी कशाला सांगते? दुकानात मी आवाज विचारला ना, तेवढ्यावरून ओळखलं त्यानं. लहानपणीसुद्धा मला नवीन पद म्हणायची भीती वाटली की तो ठेका जोरात धरायचा. म्हणायचा, इंदे, तू गा, मी झाकतो."

मशीन थांबलं. तेही कळलं नसतं, काचेमागचं फिरणं थांबलं म्हणून कळलं. माझे सदरे पिंपाच्या तळाशी गोळा होऊन पडले होते.

"आत्ता म्हण," मी म्हणालो.

"छे!"

"मी बाहेर जातो. पार मारुतीपर्यंत जातो."

"नाही हो. इतकं शांत आहे. जमणार नाही मला."

मी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यातली बादली ओढली, पालथी घातली आणि स्टुलावर बसून वाजवायला लागलो. मी जन्मभर ठेके ऐकले होते, पण हातात एकही नव्हता. दुसऱ्याच फेरीला गाडी घसरली. तरी वाजवत राहिलो. इंदू आधी अवाक् होऊन बघत होती, मग तिनं कपाळाला हात लावला.

"अहो, थांबा. पुरे. ही कसली मात्रा? बाबांच्या आत्म्याला काय वाटेल!"

"मग कुणाला बोलावू?"

तिनं बादली माझ्या हातून काढून घेतली.

मी तसाच निघालो. विसूच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत मी त्या कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेपाशी उभा राहिलो.

"ते मशीन गेलं साहेब," तो म्हणाला. कोरडंच म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. "आठवडाभर ठेवलं होतं."

"मशीन नको. तुम्ही या."

"मी?"

"रविवारी सकाळी. तबला घेऊन."

"तबला सुटून पंधरा वर्षं झाली. पुड्या उंदरांनी खाल्ल्या असतील."

"मग तुपाचा डबा देतो," मी म्हणालो. "रिकामा आहे."

तो खाली बसून हसायला लागला. हसता हसता त्यानं डोळे पुसले. मला वाईट वाटलं; एरवी हा माणूस मला पहिल्याच दिवशी आवडला असता.

रविवारी तो मिरजेहून नव्या पुड्या चढवून आणलेला तबला घेऊन आला. उंब्रजकर अण्णांना आम्ही दोघांनी खुर्चीसकट उचलून आमच्या ओटीवर आणलं; केस विंचरलेले, अंगात इस्त्रीचा सदरा. इंदूनं देवासमोर निरांजन लावलं, कमरेला पदर खोचला. मी सवयीनं पहिल्या रांगेत, भिंतीला टेकून बसलो.

"तुम्ही नाही," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही समोर बसलात तर मला नाही जमणार. मागे बसा. मोरीपाशी."

काकू पदराआड हसल्या. कऱ्हाड तालुक्यात ज्याच्यासाठी पहिल्या रांगेत जागा राखून ठेवत तो मी उठलो आणि मागे जाऊन स्टुलावर बसलो, त्या मशीनशेजारी. तिनं सांगितलं नव्हतं, तरी मी ते चालू केलं. काही उपयोग नव्हता, पण सोबत म्हणून.

पहिल्या दोन ओळी तिचा आवाज कापत होता. मला ऐकू येत होतं विसू काय करतोय ते. तो ठेका जोरात धरत होता, झाकत होता. मग हळूहळू त्यानं हात हलका केला. इंदूला कळलं नसावं. तबला खाली आला आणि त्याच्यावर एकटा तिचा आवाज राहिला, उघडा. बुवांसारखा नव्हता. बुवांचा गळा तिच्यात नव्हताच. तो तिचा स्वतःचा होता, जरा जाडसर, मधल्या सुरात कोवळा, आणि 'विठ्ठल' म्हणताना असा भरून येणारा की मी त्या मशीनच्या काचेला डोकं टेकलं.

पूर्वरंग संपला. कीर्तनात मध्यंतर झालं की यजमान पुढे होतो, कीर्तनकाराला हार घालतो आणि कपाळी बुक्का लावतो. आमच्याकडे हार नव्हता, कुणाला सुचलंच नव्हतं. मी देवघरातली बुक्क्याची डबी घेतली आणि मोरीतून ओटीवर गेलो. इंदूनं पाहिलं आणि एक पाऊल मागे सरली.

"अहो, हे काय? सगळ्यांसमोर..."

मी तिच्या कपाळाला बुक्का लावला. कुंकवाच्या खाली, काळा, बोटभर. थोडा तिच्या नाकावर सांडला. मग मी वाकलो. यजमान वाकतोच, ती रीत आहे. तिनं पाय मागे घ्यायच्या आत मी नमस्कार केला.

"गळा किणीला राहिला नाही," मी उठताना म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, कारण मागचं तसंच म्हटलं होतं.

तिनं नाक पुसलं, बुक्का गालावर पसरला. मग विसूकडे वळून म्हणाली, "चल. उत्तररंग राहिलाय."

याला आता सतरा वर्षं झाली. अण्णा गेले, काकू खुर्ची आणून बसतात. दर एकादशीला आमच्या ओटीवर इंदू उभी राहते, आणि आता पेठेतली चाळीस-पन्नास माणसं येतात. विसूचे केस पांढरे झालेत, तबला मात्र सुटलेला नाही. ते मशीन अजून चालू आहे, अजूनही बिनआवाजाचं. माझी जागा त्याच्या शेजारीच आहे. तिनं कितीदा म्हटलं, आता पुढे बसा, भीती मोडली माझी. पण मला इथूनच बरं ऐकू येतं.

एवढं आहे की, समेवर आली की ती विसूकडे बघते. बघायलाच हवं, त्याशिवाय सम पडायची नाही, हे मला कळतं. मान डोलते, दोघांना हसू येतं, आणि मला अजून आत कुठंतरी चटका बसतो. मग मी डोळे मिटून घेतो. कीर्तन तसंही डोळे मिटूनच ऐकायचं असतं.